निवळलेले पाणी आणि न मोजलेले मासे

१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी यांगत्सी नदीच्या खोऱ्यात दोन बंद्या लागू झाल्या. नदीकाठच्या वुहान शहरातील हुआनान बाजार त्या दिवशी बंद करण्यात आला आणि पुढच्या काही आठवड्यांत त्या बाजाराचे नाव साऱ्या जगाच्या तोंडी झाले. त्याच दिवसापासून त्याच नदीच्या खोऱ्यातील ३३२ संरक्षित जलक्षेत्रांत मासेमारीला मनाई करण्यात आली. या दुसऱ्या बंदीची दखल मात्र नद्यांचा आणि माशांचा अभ्यास करणाऱ्यांपलीकडे फारशी कोणी घेतली नाही. त्याच सुमारास आणखी एक बातमी आली होती. यांगत्सीत राहणारा, वल्ह्यासारख्या लांब सोंडेचा चिनी पॅडलफिश नामशेष झाला आहे, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला होता. गोड्या पाण्यातील जगातल्या सर्वांत मोठ्या माशांपैकी हा एक. त्याचे शेवटचे दर्शन २००३ साली झाले होते आणि १९८१ साली नदीवर उभ्या राहिलेल्या गेझोबा धरणाने त्याची विणीच्या जागेकडे जाणारी वाट त्याच्याही कितीतरी आधी तोडली होती. ज्या नदीच्या काठावरून महासाथीची पहिली वार्ता आली, त्याच नदीतल्या एका प्राचीन माशाच्या अंताची वार्ता त्याच दिवसांत यावी, हा योगायोग मला आजही अस्वस्थ करतो.

महासाथीचा गोड्या पाण्यातील माशांवर काय परिणाम झाला, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. खरे सांगायचे तर टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यांत माझे उत्तर ठरलेले होते. कारखाने थांबले, नौका थांबल्या, माणसे घरात बसली, म्हणजे नद्यांना विसावा मिळाला आणि मासे सुखावले, असे मी मनापासून मानत होते. निवळशंख पाण्याची छायाचित्रे मी इतरांना उत्साहाने पाठवलीही होती. पुढे जसजसे वाचत गेले तसतसे ते उत्तर ढासळत गेले. ते का ढासळले, हे नीट मांडावे म्हणून हे लिहीत आहे.

या माशांची स्थिती मुळात कशी होती, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. नद्या, तळी, सरोवरे आणि पाणथळ जागा मिळून पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्कासुद्धा भाग व्यापत नाहीत. तरीही जगात ज्ञात असलेल्या माशांच्या जातींपैकी जवळपास निम्म्या, म्हणजे सुमारे १८,००० जाती गोड्या पाण्यात राहतात. जुलै २०२० मध्ये, महासाथ ऐन भरात असताना, स्थलांतर करणाऱ्या गोड्या पाण्यातील माशांविषयीचा एक जागतिक अहवाल प्रसिद्ध झाला. १९७० ते २०१६ या काळात, ज्यांच्या नोंदी उपलब्ध आहेत अशा समूहांतील माशांची संख्या सरासरीने ७६ टक्क्यांनी घटली, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये फिलिपिन्समधील लानाओ सरोवरातील, जगात अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या १७ जातींपैकी १५ जाती नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. यांपैकी कशालाही महासाथ कारणीभूत नव्हती. धरणे, सांडपाणी, बेसुमार मासेमारी, बाहेरून आणून सोडलेले मासे आणि नदीपात्रांची मोडतोड ही कारणे दशकानुदशके चालत आलेली होती. त्यामुळे दोन-तीन महिन्यांच्या शांततेने पन्नास वर्षांचे नुकसान भरून निघेल, ही अपेक्षाच मुळात भाबडी होती.

निवळलेल्या पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण बहुतेकांच्या मनात तेच चित्र राहिले आहे. व्हेनिसच्या कालव्यांची छायाचित्रे सर्वाधिक पाहिली गेली. ते पाणी मचूळ, खाडीचे. पण त्यातून मिळणारा धडा गोड्या पाण्यालाही लागू पडतो. तेथे पाणी निवळले याचे मुख्य कारण नौकांची वर्दळ थांबल्यामुळे तळाचा गाळ ढवळला जाणे थांबले, हे होते. पाण्यात विरघळलेली प्रदूषके त्यामुळे नाहीशी होत नाहीत. केरळमधील वेंबनाड सरोवराच्या उपग्रह प्रतिमांचा अभ्यास झाला, तेव्हा टाळेबंदीपूर्वीच्या तुलनेत पाण्यातील तरंगत्या कणांचे प्रमाण सरासरी १५.९ टक्क्यांनी घटलेले आढळले. ही घट खरी होती आणि तिचे मोलही आहे. परंतु उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो. त्यात विरघळलेला प्राणवायू, अमोनिया किंवा जड धातू दिसत नाहीत. कारखान्यांचे सांडपाणी काही काळ थांबले तरी घराघरांतून येणारे सांडपाणी एक दिवसही थांबले नव्हते, आणि ज्या नद्यांचे मुख्य दुखणे घरगुती सांडपाणी हेच आहे, तेथील माशांच्या कल्ल्यांना टाळेबंदीचा फारसा फरक जाणवण्याचे कारण नव्हते.

शिवाय गढूळ पाणी म्हणजे घाण पाणी, हे समीकरणही माणसाच्या डोळ्यांनी मांडलेले आहे. अनेक मोठ्या नद्या स्वभावतःच गढूळ असतात आणि तेथील मासे त्या गढूळपणाशी जुळवून घेऊनच घडलेले असतात. शिंगाळ्यासारखे मिशावाले मासे अंधाऱ्या पाण्यात मिशांच्या स्पर्शाने आणि चवीने भक्ष्य शोधतात, तर लहान मासे त्याच गढूळ आडोशाला लपून वाढतात. पाणी एकाएकी निवळले तर डोळ्यांनी शिकार करणाऱ्या माशांचे फावते आणि पिल्ले उघडी पडतात. काठावरून पाहणाऱ्याला जे सुंदर दिसते, ते पाण्याखाली राहणाऱ्याला हितकारक असेलच असे नाही, ही गोष्ट मला पूर्वी सुचलीच नव्हती.

महासाथीने पाण्यात नव्याने काय सोडले, याचा विचार त्याहून कमी झाला. विषाणूपासून माशांना धोका नव्हता. माशांना या विषाणूची बाधा झाल्याचा पुरावा मिळाला नाही, आणि तरीही साथीच्या आरंभी माशांच्या बाजारांवर संशयाचे सावट पडले, हे मासेमारांचे दुर्दैव. धोका होता तो विषाणू मारण्यासाठी वापरलेल्या द्रव्यांचा. रस्ते, इस्पितळे, बाजार, सांडपाणी केंद्रे अशा सर्व ठिकाणी क्लोरीनयुक्त जंतुनाशकांचा वापर वाढला. घरी काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की नळाचे पाणी थेट टाकीत ओतायचे नसते. माणसाला पिण्यास योग्य असलेल्या पाण्यातील क्लोरीनसुद्धा माशांच्या कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळते. कल्ले हे माशाचे फुप्फुसही असतात आणि रक्तातील क्षारांचा तोल राखणारे इंद्रियही. लहान, संथ वाहणाऱ्या ओढ्यात क्लोरीनची थोडी मात्रासुद्धा पुरेशी घातक ठरते. शिवाय सेंद्रिय पदार्थांशी संयोग होऊन त्यापासून तयार होणारी काही संयुगे पाण्यात टिकून राहतात. औषधांचेही तसेच आहे. सांडपाणी केंद्रे प्रामुख्याने मैला आणि सेंद्रिय घाण काढण्यासाठी बांधलेली असतात. औषधांचे अंश त्यांतून बऱ्याच अंशी निसटून नदीत येतात. कोविडवर उपयोग होईल या आशेने जगात अनेक ठिकाणी आयव्हरमेक्टिन हे परजीवींवरचे औषध मोठ्या प्रमाणावर घेतले गेले. हे औषध पाण्यातील पिसवांसारख्या सूक्ष्म कवचधारी जीवांना अतिशय अल्प प्रमाणातही मारक आहे, आणि माशांच्या नवजात पिल्लांचे पहिले अन्न तेच जीव असतात.

ऑगस्ट २०२० मध्ये नेदरलँड्समधील लायडन शहराच्या कालव्यांत कचरा गोळा करणाऱ्या स्वयंसेवकांना एक वापरलेला रबरी हातमोजा सापडला. हातमोज्याच्या अंगठ्यात एक लहानसा पर्च मासा अडकून मेलेला होता. आत शिरलेल्या माशाला मागे वळता आले नव्हते. त्या हातमोज्याचे छायाचित्र मी पाहिले आणि आधी पाठवलेली सगळी छायाचित्रे मनातल्या मनात परत घेतली. एका हातमोज्याने एक मासा मारला, याने जातीचे भवितव्य बदलत नाही, हे मला कळते. पण महासाथीत किती हातमोजे आणि मुखपट्ट्या पाण्यात गेल्या, याचा विचार त्या एका माशाशिवाय माझ्या मनात कधी आला नसता.

मात्र माझ्या मते महासाथीने माशांचे खरे नुकसान पाण्यात काही मिसळून केले त्यापेक्षा काही कामे थांबवून अधिक केले. गोड्या पाण्यातील माशांचे संवर्धन म्हणजे माणसाने दूर राहणे, असा एक समज आहे. निबिड अरण्यातील एखाद्या अस्पर्श ओढ्यापुरता तो खरा असेल. परंतु जगातील बहुतेक नद्या आता इतक्या अडवलेल्या, वळवलेल्या आणि परक्या जातींनी भरलेल्या आहेत की त्यांतील मूळचे मासे काही माणसांच्या रोजच्या कष्टांवर तगून आहेत. कोणी धरण ओलांडून माशांना वर जाता यावे म्हणून बांधलेल्या मत्स्यमार्गात अडकलेला पालापाचोळा काढत असते, कोणी मत्स्यबीज केंद्रात रात्री उठून पाण्यातील प्राणवायू तपासत असते, कोणी विणीच्या काळात नदीवर गस्त घालत असते. मार्च २०२० मध्ये, उत्तर गोलार्धातील अनेक जातींच्या विणीचा हंगाम नुकताच सुरू होत असताना, या माणसांनाही घरी बसावे लागले.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांत पाहायला मिळते आणि मला ते फार शिकवणारे वाटते. सागरी लॅम्प्रे हा सर्पाकृती, जबडा नसलेला, चकतीसारख्या तोंडात दातांची वर्तुळे असलेला जीव मूळचा अटलांटिक महासागरातला. जहाजांसाठी खोदलेल्या आणि पुढे रुंदावलेल्या कालव्यातून तो विसाव्या शतकात वरच्या सरोवरांत शिरला. तो माशाच्या अंगाला चिकटून रक्त आणि शरीरद्रव शोषतो. एक लॅम्प्रे आपल्या परजीवी आयुष्यात सुमारे १८ किलो मासे मारू शकतो. वरच्या तीन सरोवरांतून पूर्वी दरवर्षी साधारण ६८ लाख किलो लेक ट्राउट पकडला जात असे. १९६० च्या दशकाच्या आरंभी हा आकडा दीड लाख किलोच्याही खाली आला. अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून १९५५ साली एक संयुक्त आयोग स्थापन केला, हजारो रसायने तपासून लॅम्प्रेच्या डिंभांना, म्हणजे अळीसारख्या पिल्लांना, मारणारे आणि इतर बहुतेक माशांना फारसे न दुखावणारे एक द्रव्य शोधण्यात आले, आणि तेव्हापासून दरवर्षी ठरावीक ओढ्यांत ते सोडून लॅम्प्रेची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी खाली ठेवण्यात आली आहे.

या व्यवस्थेचा जीव वेळापत्रकात आहे. लॅम्प्रेची मादी एका विणीत एक लाखापर्यंत अंडी घालू शकते. डिंभ ओढ्याच्या गाळात तीन ते सात वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ पुरून राहतात आणि मग रूपांतर होऊन सरोवरात उतरतात. त्यामुळे प्रत्येक ओढ्यावर काही वर्षांच्या अंतराने, डिंभ मोठे होऊन निघून जाण्यापूर्वी, प्रक्रिया करावी लागते. हे काम करणारी पथके आठवडेच्या आठवडे एकत्र प्रवास करतात, एकत्र मुक्काम करतात आणि सीमेच्या दोन्ही बाजूंनी राबतात. २०२० मध्ये प्रवास आणि मुक्काम दोन्ही अशक्य झाले आणि नियोजित प्रक्रियांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रद्द कराव्या लागल्या. २०२१ मध्येही सुमारे पाव हिस्सा राहून गेला. पुढील वर्षांच्या मोजणीत लॅम्प्रेचे आकडे चढले. साठ-पासष्ट वर्षे अखंड चाललेल्या कामाचे महत्त्व एरवी सिद्ध करणे अवघड होते, कारण ते थांबवून पाहण्याचे धाडस कोणीच केले नसते. महासाथीने तो प्रयोग कोणाचीही संमती न घेता करून दाखवला. येथे एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते: हाच लॅम्प्रे युरोपातील आपल्या मूळच्या नद्यांत धरणांमुळे संकटात आहे आणि तेथे त्याला वर चढता यावे म्हणून खास मार्ग बांधले जातात. एकाच जिवाला एका खंडात मारण्यासाठी आणि दुसऱ्या खंडात वाचवण्यासाठी माणसे राबत होती, आणि महासाथीने दोन्हीकडच्या माणसांना घरी बसवले.

मोजणीचे कामही असेच खोळंबले. नदीतील मासे वाघासारखे वाटेवरच्या कॅमेऱ्यात सहज येत नाहीत. त्यांची मोजदाद करण्यासाठी पाण्यात उतरावे लागते. सौम्य विद्युतप्रवाहाने मासे क्षणभर बधिर करून मोजण्याच्या पद्धतीत एका लहान नावेत दोन-तीन माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात, तेथे सहा फुटांचे अंतर कसे राखणार? माशांच्या शरीरात बसवलेल्या ध्वनिखुणांचे, म्हणजे ध्वनिसंदेश सोडणाऱ्या इवल्या उपकरणांचे, संदेश टिपणारी यंत्रे नदीच्या तळाशी माणसांविना काम करीत राहिली खरी, परंतु त्यांच्या बॅटऱ्या ठरावीक काळानंतर बदलाव्या लागतात, आणि बदलायला कोणी गेले नाही तर यंत्र मुके होते. प्रयोगशाळांनी आपल्याकडचे हातमोजे आणि मुखपट्ट्या इस्पितळांना दिल्या, आणि ते योग्यच होते. विषाणूच्या चाचण्यांमुळे प्रयोगशाळांत द्रव मोजून घेण्याच्या पिपेटला लावायच्या प्लास्टिकच्या बारीक टोकांचाही जगभर तुटवडा पडला. तीस-चाळीस वर्षे सलग चाललेल्या नोंदींत २०२० चे वर्ष कोरे राहिले तर ती केवळ एका वर्षाची हानी नसते. माशांची संख्या पावसावर, पुरावर आणि तापमानावर वर्षागणिक हेलकावे खाते. त्या हेलकाव्यांतून ऱ्हास ओळखायचा असेल तर सलगता हेच साधन असते. त्या वर्षी पाण्यावर माणसांचा वावर कधी नव्हे इतका बदलला होता, म्हणजे एरवीपेक्षा अधिक मोजायला हवे होते, तेव्हाच सर्वांत कमी मोजले गेले.

मासेमारीचे काय झाले, या प्रश्नाला एकच उत्तर नाही आणि ते देण्याचा प्रयत्नही करू नये असे मला वाटते. बाजार आणि वाहतूक बंद पडली, बर्फ मिळेना, निर्यात थांबली. अशा ठिकाणी नावा काठाला लागल्या आणि माशांना काही काळ खरोखरच उसंत मिळाली. त्याच वेळी शहरांतील रोजगार बुडालेली माणसे गावांकडे परतली. मार्च २०२० मध्ये थायलंडने सीमा बंद करण्याचे जाहीर केले तेव्हा हजारो कंबोडियन कामगार मायदेशी परतले. मेकाँगच्या खोऱ्यात शेत आणि पगार दोन्ही नसलेल्या माणसाला नदी हाच शेवटचा आधार असतो. जगभर कोट्यवधी माणसांना नदी-तळ्यांतील मासळी प्रथिने पुरवते आणि तिची मोजदाद सरकारी आकड्यांत बरीच कमी होते. पोट रिकामे असताना बारीक आसाचे जाळे टाकू नका, विणीचे दिवस पाळा, हे सांगायला जाण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न मला खरोखर कठीण वाटतो. मासे वाचवायचे असतील तर अशा काळात त्या घरांत धान्य पोहोचवणे हेही मत्स्यसंवर्धनाचेच काम मानले पाहिजे, इतके मात्र मी ठामपणे म्हणेन.

हौशी गळकऱ्यांची गोष्ट अगदी निराळी. इंग्लंडमध्ये १३ मे २०२० पासून गळाच्या मासेमारीला पुन्हा परवानगी मिळाली. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात २५ मार्च ते ४ मे २०२० या काळात हौशी मासेमारी पूर्ण बंद होती. बंदी उठताच दोन्हीकडे पाण्याकाठी गर्दी झाली. मोकळ्या हवेत, इतरांपासून अंतर राखून करता येण्याजोगे ते एक मोजके विरंगुळ्याचे साधन होते, त्यामुळे अनेकांनी आयुष्यात प्रथमच गळ हाती घेतला. मासा पकडून सोडून देण्याची रीत चांगली असली तरी नवख्या हातांत मासा फार वेळ पाण्याबाहेर राहतो, कोरड्या हाताने धरल्याने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो, आणि सोडून दिलेला मासा नंतर नजरेआड मरतो. दुसरी बाजू अशी की अमेरिकेसारख्या देशात परवान्यांचे शुल्क आणि १९५० च्या कायद्यानुसार मासेमारीच्या साहित्यावर बसणारा कर मत्स्यसंवर्धनाकडेच वळतो. म्हणजे ही गर्दी तेथे तिजोरीही भरत होती. मला या नव्या गळकऱ्यांविषयी आशा वाटते. नदीकाठी तासन् तास बसलेला माणूस नदीत मेलेले मासे तरंगताना दिसले तर गप्प राहत नाही.

शोभिवंत माशांच्या व्यापाराबाबत लोकांची समजूत बहुधा उलटी असते. रानातून मासे पकडून विकणे थांबले म्हणजे रानाचे भले झाले, असे आपण गृहीत धरतो. ॲमेझॉनच्या रिओ नेग्रो नदीवरील बार्सेलोस परिसरात कार्डिनल टेट्रा हा इवलासा लाल-निळा मासा हाताने चालवलेल्या जाळ्यांनी पकडला जातो आणि तेथील अनेक कुटुंबांचे पोट त्यावर चालते. हे मासे पुरात बुडालेल्या अरण्यात वाढतात, त्यामुळे अरण्य उभे राहण्यात त्या कुटुंबांचा स्वार्थ असतो. २०२० मध्ये विमाने थांबली तेव्हा असा व्यापारही अडला, आणि असे उत्पन्न बुडालेल्या माणसासमोर उरणारे पर्याय, म्हणजे लाकूडतोड किंवा सोन्याच्या खाणी, नदीला अधिक महाग पडतात.

सोन्याचा उल्लेख मी सहज केलेला नाही. जगाची अर्थव्यवस्था डळमळली की माणसे सोन्याकडे धावतात; ऑगस्ट २०२० मध्ये सोन्याचा भाव प्रथमच औंसाला २,००० डॉलरच्या वर गेला. ॲमेझॉनच्या उपनद्यांत बेकायदा खाणवाले नदीतळ उपसतात आणि सोने वेगळे करण्यासाठी पारा वापरतात. तो पारा गाळातील जिवाणूंच्या द्वारे माशांत शिरतो, लहान माशाकडून मोठ्या माशाकडे साचत जातो आणि शेवटी मासे खाणाऱ्या आदिवासी मुलांच्या शरीरात पोहोचतो. २२ एप्रिल २०२० रोजी ब्राझीलच्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत तत्कालीन पर्यावरणमंत्री रिकार्दो सालेस यांनी, वृत्तमाध्यमांचे लक्ष साथीकडे आहे तोवर नियम शिथिल करून घ्यावेत, असे सुचवले. त्या बैठकीची ध्वनिचित्रफीत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महिन्याभरात जाहीर झाली. ब्राझीलमधील ॲमेझॉनची वृक्षतोड २०२० मध्ये सुमारे १०,८५० आणि २०२१ मध्ये सुमारे १३,००० चौरस किलोमीटर इतकी नोंदली गेली. अरण्य तुटले की ओढ्यावरची सावली जाते, पाणी तापते, माती वाहून येते आणि झाडांवरून पडणारी फळे खाऊन जगणारे मासे उपाशी पडतात. अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेनेही २६ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात प्रदूषणाच्या मोजणीत आणि अहवालांत साथीमुळे कसूर झाल्यास दंड न करण्याचे धोरण स्वीकारले होते. कर्मचारी आजारी असताना काही सवलत देणे समजण्यासारखे आहे. पण ज्या नळातून काय बाहेर पडते हे कोणी मोजतच नाही, त्या नळाखालच्या माशांना सवलत कोणी दिली नव्हती.

जागतिक पातळीवरचा विलंब याहूनही लांबला. जैवविविधतेविषयीची नवी उद्दिष्टे ठरवणारी परिषद ऑक्टोबर २०२० मध्ये चीनमधील कुनमिंग येथे व्हायची होती. ती पुढे ढकलली जात अखेर डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे पूर्ण झाली. २०३० पर्यंत ३० टक्के क्षेत्राच्या संरक्षणाचे जे उद्दिष्ट तेथे ठरले, त्यात जमिनीबरोबर ‘अंतर्देशीय जल’ हे शब्द स्पष्टपणे आले, आणि ते यावेत यासाठी गोड्या पाण्याच्या अभ्यासकांनी बरीच झुंज दिली होती. एरवी नद्या ‘जमीन’ या शब्दात बुडून जातात. दहा वर्षांच्या मुदतीतली दोन वर्षे मात्र तोवर संपली होती.

या सगळ्या काळातील एक गोष्ट मला धीर देते. १३ जून २०२२ रोजी कंबोडियात मेकाँग नदीत एका मासेमाराच्या गळाला एक महाकाय पाकट लागली. तिचे वजन ३०० किलो भरले. मोजमापासह नोंद झालेला गोड्या पाण्यातील तो जगातला सर्वांत मोठा मासा ठरला. मासेमाराने ती कापली नाही. तेथील संशोधकांनी अशा माशांची खबर द्यावी म्हणून गावागावांत आधीपासून संपर्क ठेवलेला होता; त्याने त्यांना कळवले, त्याला बाजारभावाने मोबदला मिळाला आणि शरीरात ध्वनिखूण बसवून पाकट पुन्हा नदीत सोडण्यात आली. महासाथीची दोन वर्षे ज्या नदीवर परक्या शास्त्रज्ञांना जाणे दुरापास्त होते, तेथे काठावरच्या माणसांशी जोडलेले नाते टिकून राहिले होते.

जुलै २०२२ मध्ये धोक्यातील जातींच्या जागतिक ‘लाल यादी’त पॅडलफिशच्या अंतावर अधिकृत शिक्कामोर्तब झाले. त्याच यादीत त्याचे दूरचे भाईबंद असलेल्या स्टर्जन माशांच्या उरलेल्या सर्व २६ जाती धोक्यात असल्याचे नोंदले गेले, आणि यांगत्सी स्टर्जन निसर्गातून नामशेष ठरवण्यात आला. १ जानेवारी २०२१ पासून यांगत्सीच्या मुख्य प्रवाहात आणि महत्त्वाच्या उपनद्यांत दहा वर्षांची मासेमारी बंदी लागू आहे. काही स्टर्जन जातींना वयात यायलाच पंधरा ते वीस वर्षे लागतात. २०२० च्या वसंतात, काठावर कोणी नसताना, एखाद्या नदीच्या दगडगोट्यांत अशा माशाची जी पिल्ले अंड्यांतून बाहेर पडली असतील, ती पहिल्या विणीसाठी २०३५ च्या सुमारास परततील. त्या वर्षी त्यांतली किती जगली, हे तेव्हा काठावर उभे राहून मोजावे लागेल.